अकबरी सराय : बुऱ्हाणपुरातील पांथस्थांचे घर

परगावी गेल्यावर उतरावयाचे कोठे, हा प्रश्न प्रवासाइतकाच जुना आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना तो सहसा फारसा छळत नाही. कोणाची आत्या इंदुरास असते, कोणाचे मामेसासरे जबलपुरास असतात. कोणी नसलेच, तर गावातील महाराष्ट्र मंडळाची खोली असते. परंतु ज्याचे त्या गावात कोणीही नाही, ज्याची भाषा कोणास कळत नाही आणि ज्याच्या कुळाची हमी देणारा कोणी नाही, अशा परक्याने दिवस मावळल्यावर पथारी कोठे पसरावी? गावाचे खरे औदार्य अशा माणसाच्या सोयीवरून जोखावे, असे आम्हांस वाटते. आमच्या बुऱ्हाणपुराने या प्रश्नाचे उत्तर सुमारे चारशे वर्षांपूर्वी विटा आणि चुन्यात लिहून ठेवले. त्या उत्तराचे नाव अकबरी सराय.

बुऱ्हाणपूर हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. तापीच्या उत्तर तीरावर वसलेले, फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस स्थापिलेले आणि दौलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने ओळखले जाणारे हे नगर खानदेशची राजधानी होते. उत्तरेस काही कोसांवर असीरगड सातपुड्याची खिंड राखीत उभा आहे. इ. स. १६०१ मध्ये तो किल्ला अकबराच्या हाती पडला आणि दक्षिणेचा दरवाजा मोगलांस उघडला. त्यानंतर दख्खनच्या मोहिमांचे मुख्य ठाणे बुऱ्हाणपूर झाले. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल आग्र्याकडे निघाला की त्याचा एक मोठा मार्ग येथून जाई. आणि येथील तलम कापड व जरीचे काम इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, एवढेच नव्हे तर पोलंड व रशियापर्यंत पोहोचत असल्याची साक्ष ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दिली आहे. अशा नगरात फौजेसाठी छावणी होती, शाहजाद्यांसाठी तापीकाठचा वाडा होता. राहिला होता तो केवळ वाटसरू.

'सराय' हा शब्द फार्सी. त्याचा अर्थ घर अथवा वाडा. आपल्या कानांस मात्र 'सराई' म्हटले की लग्नसराई आठवते, कारण हंगाम या अर्थाचा तो वेगळा शब्द मराठीत रुळला आहे. कारवानांची उतरण्याची जागा ती कारवानसराय, आणि तिचेच आटोपशीर रूप सराय. शेरशहाने आपल्या राजमार्गांवर दर दोन कोसांस सराया बांधल्याचे आपण शाळेत शिकलो आहोत. जहांगीर इ. स. १६०५ मध्ये तख्तावर बसला, तेव्हा त्याने जे बारा हुकूम काढले, त्यांत दुसराच हुकूम या विषयाचा होता. ज्या निर्जन वाटांवर चोरी व लूट होते, तेथे जहागीरदारांनी सराय, मशीद व विहीर बांधावी, म्हणजे वस्ती वाढेल, असा त्याचा आशय. येथे सरायीचा विचार केवळ दानधर्म म्हणून केलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. वाट सुरक्षित राहिली तर व्यापार वाढतो आणि व्यापार वाढला तर राज्य चालते, हा व्यवहार त्यामागे होता.

बुऱ्हाणपुरातील सराय अंडा बाजार मोहल्ल्यात, ताना गुजरी मशिदीच्या जवळ, म्हणजे वस्तीच्या ऐन मध्यभागी आहे. नाव अकबराचे असले तरी ती जहांगीराच्या कारकीर्दीतली. तिचे श्रेय अब्दुर्रहीम खानखानान याच्याकडे जाते. हाच तो बैरामखानाचा पुत्र, बाबराच्या आत्मचरित्राचा फार्सी अनुवाद करणारा आणि 'रहीम' या नावाने हिंदी दोह्यांत अमर झालेला कवी. आयुष्याची कित्येक वर्षे त्याने दख्खनच्या कामगिरीवर बुऱ्हाणपुरात घालविली. सरायीच्या नजीकचा सार्वजनिक हमाम त्याच्याच काळातला, इ. स. १६०७-०८ च्या सुमाराचा. त्याचा पुत्र शाहनवाजखान याची देखणी कबर उतावळी नदीच्या काठी आहे. लढणे, लिहिणे आणि बांधणे या तिन्ही कलांत रमलेला हा पुरुष. त्याच्या बांधकामांत कबरीइतकेच महत्त्व स्नानगृहास व उतारशाळेस मिळाले, ही गोष्ट त्याच्या स्वभावास शोभणारी आहे.

आता रचनेकडे वळू. मोगल सरायीचा साचा साधा आहे. मध्ये मोठे मोकळे अंगण, चारी बाजूंस कोठड्यांच्या रांगा आणि आत शिरण्यास उंच कमानीचा भव्य दरवाजा. बाहेरून पाहाल तर जवळजवळ किल्लाच. भिंतीची पाठ रस्त्याकडे आणि तोंड अंगणाकडे. आपल्याकडील मोठ्या देवळांच्या प्राकारात ज्यांनी ओवऱ्या पाहिल्या असतील, त्यांना ही कल्पना चटकन समजेल. ओवरी आणि सरायीची कोठडी या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी खचितच आहेत. अंगणात बैल, घोडे व उंट बांधावयाचे, माल उतरवावयाचा, चूल पेटवावयाची; आणि निजण्यापुरते कोठडीत जावयाचे. अर्थात खोली ही सरायीची मुख्य जागा नव्हेच. मुख्य जागा अंगण, आणि खोली ही त्या अंगणाची पडवी.

कोठड्यांचे छत सपाट नसून घुमटाकार असते, यात केवळ शोभा नाही. सपाट छतास तुळया लागतात, तुळयांस लाकूड लागते, आणि लाकूड म्हटले की वाळवी आली व आगीचे भय आले. जेथे रोज रात्री शेकडो चुली पेटावयाच्या, तेथे लाकडी छत म्हणजे उशाशी निखारा. विटांचा घुमट जळत नाही. परंतु घुमटाचा एक स्वभाव असा की तो आपल्या भिंतींस बाहेर रेटतो. एकटाच बांधला तर त्याला जाड भिंतींचा आधार द्यावा लागतो. तेच घुमट एकास एक लागून रांगेने बांधले, तर प्रत्येकाचा रेटा शेजारच्याच्या रेट्याने तोलला जातो; विशेष भक्कमपणा लागतो तो रांगेच्या टोकांस आणि कोपऱ्यांस. म्हणून सरायीच्या कोठड्या एकमेकींस खेटून उभ्या असतात. जागेची काटकसर होते हे खरेच, पण मुळात त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. जाड भिंत व चुन्याचा गिलावा दुपारचे ऊन लवकर आत शिरू देत नाही. निमाडच्या वैशाखाची ज्यांना ओळख आहे, त्यांस याची किंमत निराळी सांगावयास नको.

भिंतींनंतर पाणी. सराय कितीही उत्तम बांधली तरी पाण्यावाचून ती कोरडी पेटीच. बुऱ्हाणपुराच्या पाण्याची कथा हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे थोडक्यात सांगतो. इ. स. १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीखाली झिरपणारे पाणी हेरले आणि ते भुयारी मार्गाने केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले. वाटेत ठरावीक अंतरांवर विहिरीसारख्या उभ्या कुंड्या खोदल्या. कुंडी भंडारा या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्यांतील एका मार्गावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. हे पाणी जाळी करंज येथे जमे आणि तेथून मातीच्या नळांनी वस्तीत खेळविले जाई. 'करंज' हा शब्द ऐकताच मराठी माणसास आपले कारंजे आठवते. मोट नाही, रहाट नाही. डोंगराचे पाणी आपल्या पायांनी चालत गावात येते. हजारोंच्या संख्येने येणाऱ्या फौजा, कारवान आणि त्यांची जनावरे या नगराने पोसली, ती या अदृश्य नद्यांच्या जिवावर.

सरायीतील दिनक्रम कसा असे, याचे मोठे रसाळ वर्णन निकोलाव मनूची या इटालियन प्रवाशाने करून ठेवले आहे. इ. स. १६५६ मध्ये सुरतेहून आग्र्याकडे जाताना तोही बुऱ्हाणपुरावरून गेला होता. तो सांगतो की प्रत्येक सरायीवर एक अधिकारी असे. सूर्य मावळला की तो दरवाजे बंद करी आणि मोठ्याने सर्वांस बजावी, की आपापल्या सामानावर नजर ठेवा, घोडे नीट बांधा आणि विशेषेकरून कुत्र्यांपासून सावध राहा, कारण हिंदुस्थानातील कुत्री मोठी चलाख चोर असतात! सकाळी दरवाजे उघडण्यापूर्वी पुन्हा पुकारा होई. कोणाचे काही हरवले असल्यास ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. आठशे ते हजार माणसे एका सरायीत सहज मावत, असाही त्याचा अंदाज आहे. स्वयंपाकाचे व अंथरुणाचे काम भटियारे व त्यांच्या स्त्रिया पाहत. आपल्या भटारखान्याशी या शब्दाचे नाते स्पष्ट दिसते. थोडक्यात, आजच्या हॉटेलात जी कामे व्यवस्थापक, पहारेकरी, आचारी आणि खोली आवरणारा अशी वाटलेली असतात, ती सर्व येथेही होती. फक्त गणवेश नव्हते.

आणि आता त्या प्रसिद्ध पाहुण्याविषयी. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेस उतरला आणि अजमेरास जहांगीराच्या भेटीस जाण्यासाठी निघाला. वाटेत नोव्हेंबरच्या मध्यास तो बुऱ्हाणपुरास पोहोचला. तेव्हा जहांगीराचा पुत्र शाहजादा परवीझ येथे सुभ्याचा कारभार पाहत होता. गावच्या कोतवालाने पाहुण्यास सामोरे जाऊन त्यास सरायीत नेले. ती सराय हीच, असे येथील जुनी माणसे सांगत आली आहेत. रो याने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे की दर्शनी भाग दगडी व देखणा होता. परंतु आत त्याला ज्या चार खोल्या मिळाल्या, त्या विटांच्या, माथ्याशी गोल आणि भट्टीएवढ्याच लहान होत्या. वकिलाचा संताप झाला. एका राजाच्या प्रतिनिधीस ही वागणूक! आपण गाव सोडून जातो, असा निरोप त्याने कोतवालास धाडला.

ही गोष्ट बुऱ्हाणपुरावरील लेखांत पुष्कळदा येते आणि बहुधा येथेच थांबते. वाचणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो असा की आमच्या गावाने एका थोर पाहुण्याचा अपमान केला. परंतु त्या रोजनिशीतील पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. कोतवालाने त्यास विनविले की रात्रीपुरता धीर धरावा, कारण गावात याहून चांगली उतरण्याची जागा नाही. आणि रो स्वतःच कबूल करतो की पुढे चौकशीअंती हे खरे ठरले. शाहजाद्याचा वाडा, खानखानानाचे घर आणि अशी आणखी काही मोजकी स्थळे वगळता सर्व वस्ती मातीच्या घरांची होती. म्हणजे गावकरी स्वतः मातीच्या भिंतींत राहत होते आणि परक्यासाठी त्यांच्या गावात पक्क्या विटांची, दगडी दरवाजाची इमारत उभी होती. यास अपमान म्हणावे काय?

भट्टीची उपमाही थोडी तपासून पाहिली पाहिजे. रो आला नोव्हेंबरात, म्हणजे उन्हाचा ताप सरल्यावर. त्याला भट्टी दिसली ती आकारात, उष्णतेत नव्हे. ज्या गोल माथ्याने ती कोठडी आगीपासून, वाळवीपासून आणि उन्हापासून सुरक्षित राहिली, तोच त्याला खुपला. त्याच्या रागाचे खरे कारण आम्हांस निराळे वाटते. सरायीत सर्वांच्या कोठड्या सारख्याच असतात. घुमटांची ती रांग एकाच मापाने पुढे जाते. त्यात थोरामोठ्यांसाठी एखादा घुमट वाढविला तर रांगेचा तोल बिघडेल. कापसाच्या व्यापाऱ्यास जी कोठडी, फकिरास जी कोठडी, तीच राजाच्या वकिलास. दोन जास्त देता येतील, मोठी देता येणार नाही. मानपानाच्या सोपानावर आयुष्य घालविलेल्या दरबारी माणसास ही समता मानवली नाही, यात नवल नाही.

याच्या अगदी उलट साक्ष बर्निये या फ्रेंच वैद्याची आहे. वाटेवरच्या सामान्य सरायांस त्यानेही नावे ठेवली; जनावरे आणि माणसे एकत्र कोंबलेली ती कोठारे त्यास आवडली नाहीत. परंतु दिल्लीत शाहजहानची कन्या जहांआरा हिने बांधलेली सराय पाहून तो म्हणतो की अशा वीसेक इमारती पॅरिसमध्ये निरनिराळ्या भागांत असत्या, तर नव्याने येणाऱ्या परक्यास सुरक्षित आणि माफक खर्चाची जागा शोधण्यासाठी इतके भटकावे लागले नसते. ज्या युरोपातून हे प्रवासी आले, तेथील राजधानीतही परक्याची सोय अशी नव्हती, हे यातून दिसते.

सुखाच्या दिवसांत पाहुणचार सोपा असतो. इ. स. १६३० ते १६३२ या काळात गुजरात व दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. आपले तुकोबा ज्या दुष्काळात होरपळले, तोच हा. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी त्याच सुमारास सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला आणि वाटेवरच्या प्रेतांचे अंगावर शहारे आणणारे वर्णन त्याने लिहून ठेवले. त्या वेळी बादशहा शाहजहानचा मुक्काम बुऱ्हाणपुरातच होता. भुकेल्यांसाठी लंगर उघडण्यात आले. याच मुक्कामात, जून १६३१ मध्ये, मुमताजमहल येथे निवर्तली. ताजमहालाची मूळ कथा आमच्या गावात सुरू झाली, हे बुऱ्हाणपूरकर अभिमानाने सांगतात. पण त्याच वर्षी याच वेशीतून धान्याच्या आशेने किती अनामिक वाटसरू आत आले असतील! त्यांची कबर कोणी बांधली नाही.

मराठ्यांचा या नगराशी संबंध प्रथम आला तो तलवारीने. इ. स. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुरा व इतर पेठांवर झडप घातली. जी संपत्ती त्यांना खुणावीत होती, ती याच रस्त्यांवरून आणि याच सरायांतून वाहत आलेली. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, मग शिंद्यांकडे गेले आणि १८६० च्या सुमारास इंग्रजांच्या हाती पडले. मराठी बोली येथे कधीच परकी नव्हती. खानदेश दाराशीच आहे. तरीही कारकुनी, शिक्षकी किंवा रेल्वेची नोकरी धरून दूरवरून आलेली कित्येक घराणी येथे 'बिऱ्हाड' करून राहिली आणि त्या बिऱ्हाडाचे घर कधी झाले, हे त्यांचे त्यांनाही कळले नाही.

सरायीचे वैभव मात्र एखाद्या लढाईने नव्हे, आगगाडीने हिरावले. मुंबईहून भुसावळ-खांडव्याकडे जाणारा लोहमार्ग आला, १८७० मध्ये तो जबलपुराशी जोडला गेला, आणि बैलांचे तांडे थांबले. स्थानक झाले जुन्या वस्तीपासून दूर, लालबागेत. ज्यास संध्याकाळची गाडी धरावयाची, तो मुक्काम कशास करील? ज्यास करावयाचा, तो स्थानकाजवळची धर्मशाळा किंवा लॉज पाहू लागला. याच सुमारास मुंबईस वॉटसनचे हॉटेल उभे राहत होते. इंग्लंडात ओतलेले लोखंडी खांब व तुळया जहाजाने आणून ते जोडले गेले. तेथे रचनाच उलटी झाली. सरायीचे तोंड आत अंगणाकडे. हॉटेलचे तोंड बाहेर, रस्त्याकडे. सरायीत परका परक्याशेजारी चूल मांडी. हॉटेलात दार लावून घेतले की शेजारी कोण, हे कळतही नाही. सोय वाढली, यात शंका नाही, आणि आम्हीही पंखा व स्नानगृह असलेल्या खोलीतच उतरतो. पण प्रवासात माणसे भेटत, ती जागा हरवली.

मागे एकदा आम्ही शाळेतील मुलांस घेऊन सरायीत गेलो होतो. एका मुलीने विचारले, "सर, येथे राजा कोठे राहत असे?" आम्ही म्हटले, "बाळ, येथे राजा राहत नसे." तिचा चेहरा किंचित उतरला. आमच्या पाठ्यपुस्तकांचाच तो दोष. इतिहास म्हणजे राजवाडे, कबरी आणि लढाया, असे आपण मुलांस नकळत शिकवितो. मग आम्ही तिला दरवाजाकडे नेले आणि सांगितले, की दूरच्या गावाहून पायी आलेला एक मनुष्य कल्पनेत आण. दिवेलागण झाली आहे, वाटेत चोरांचे भय आहे आणि समोर हा दरवाजा अजून उघडा आहे. ती बराच वेळ त्या कमानीकडे पाहत राहिली. नंतर तिने हळूच विचारले, "आणि बंद झाल्यावर कोणी आले तर?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी टाळले. ते तिनेच मोठेपणी शोधावे.

अशा इमारतींस आज दोन शत्रू आहेत. एक उपेक्षा, तो उघड शत्रू. भिंतीत पिंपळ रुजतो, पावसाचे पाणी मुरते आणि एक वीट निखळली की शेजारची सैल होते. ज्या घुमटांनी एकमेकांस तोलून धरले, त्यांतला एक पडला तर दोन्हीकडच्यांचा आधार जातो. दुसरा शत्रू मित्राच्या वेषात येतो. तो म्हणजे सिमेंट. चुना मऊ असतो, तो ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा कडक थर चढविला की ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि जुनी वीट आतून भुसभुशीत होते. बाहेरून भिंत नवी दिसते व आतून मरते. म्हणून चुन्याच्या इमारतीस चुनाच हवा आणि चुना मळणारे हात हवेत. हे कारागीर टिकविणे इमारत टिकविण्याइतकेच आवश्यक आहे.

वाचकांपैकी कोणी आप्तांकडे कार्यानिमित्त बुऱ्हाणपुरास आलात, तर लग्नघाईतून दोन तास काढावेत. प्रथम कुंडी भंडाऱ्याकडे जावे आणि डोंगराचे पाणी गावाकडे कसे निघते, ते पाहावे. नंतर जाळी करंज, त्यानंतर हमाम आणि मग सराय, असा क्रम ठेवावा. म्हणजे पाण्याची वाट आणि पांथस्थाची वाट एकाच ठिकाणी कशी येते, हे ध्यानात येईल. सरायीत शिरताना घाई करू नये. दरवाजाखाली क्षणभर थांबावे, मग अंगणाच्या मध्यभागी जाऊन घुमटांच्या रांगेवरून नजर फिरवावी, आणि त्यांत कोणता मोठा दिसतो का, हे पाहावे. मुले बरोबर असतील तर हा शोध त्यांच्यावर सोपवावा. आणि कोणी गावकरी आपल्या चौकशीस पुढे आला, तर त्याच्याशी दोन शब्द अवश्य बोलावेत. त्या अंगणाची ती जुनी रीत आहे.